दिवाडी ते डिचोली, रोममार्गे

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले, की काही मिनिटांतच मांडवीच्या पात्रातले दिवाडी बेट येते. बेट ओलांडून दुसऱ्या टोकाच्या नार्वेच्या धक्क्यावर पुन्हा फेरीबोट घेतली, की पलीकडच्या तीरावर डिचोली तालुका सुरू होतो. आजच्या पर्यटकाला हा सारा प्रवास म्हणजे एका सकाळची सहल. सतराव्या शतकात मात्र दिवाडीत जन्मलेल्या एका माणसाला डिचोलीत आपले आसन मांडण्यासाठी रोमच्या दोन वाऱ्या कराव्या लागल्या आणि त्यात आयुष्याचे जवळपास दीड तप खर्ची पडले. या माणसाचे नाव मातेउस दे कास्त्रो; घराण्याचे मूळ आडनाव महाले. रोमन चर्चच्या लॅटिन परंपरेत बिशपपदावर पोहोचलेले ते पहिले भारतीय. तरीही गोव्याबाहेर, आणि खुद्द गोव्यातही, त्यांचे नाव चर्चच्या इतिहासाचे अभ्यासक सोडले तर फारसे कुणाला ठाऊक नसते.

दिवाडी आणि डिचोली यांच्यामधली नदी त्या काळी दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे पोर्तुगिजांची तिसवाडी, पलीकडे विजापूरच्या आदिलशाहीचा मुलूख. या नदीवरून कास्त्रोंच्या आधी एका देवालाही स्थलांतर करावे लागले होते. कदंबांचे कुलदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे देवालय दिवाडीवर होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगिजांनी ते उद्ध्वस्त केले, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपार नेले. पलीकडच्या तीरावर त्याच नावाचे, नार्वे हे गाव आहे. तेथे या देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. लिंग नदीपार गेले त्याच काळात, १५६० च्या सुमारास, दिवाडीत सामुदायिक बाप्तिस्मे झाले. मागे राहिलेली घराणी ख्रिस्ती झाली. महाले हे त्यांतलेच एक ब्राह्मण घराणे.

मातेउस यांचा जन्म दिवाडीच्या नावेली गावी १५९४ च्या सुमारास झाला. मांडवीच्या मुखाशी, बारदेशात, रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन पंथीयांचे विद्यालय होते. तेथे त्यांचे शिक्षण झाले. धर्मगुरू व्हावे ही त्यांची इच्छा होती. पात्रता होती, शिक्षण होते, घराणे एका पिढीहून अधिक काळ ख्रिस्ती होते. पण गोव्याचे तत्कालीन आर्चबिशप क्रिस्तोवाव दे सा ई लिश्बोआ यांनी त्यांना दीक्षा देण्यास नकार दिला. एतद्देशीयांना गुरुदीक्षा द्यायची नाही, असा या आर्चबिशपांचा पणच होता, असे सांगितले जाते.

हा नकार एका माणसाच्या लहरीचा नव्हता, हे येथे लक्षात घ्यायला हवे. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन या बलाढ्य पंथांची दारे भारतीयांना जवळजवळ बंदच होती. जेझुइटांनी तर सोळाव्या शतकात पेरो लुईश या एका मल्याळी ब्राह्मणाला प्रवेश दिला आणि पुढे दीर्घकाळ त्या वाटेला ते गेले नाहीत. जे थोडे गोमंतकीय धर्मगुरू होते, ते पंथांबाहेरचे, धर्मप्रांताच्या सेवेतले. त्यांच्या वाट्याला दुय्यम कामे येत आणि त्यांच्यावर पोर्तुगीज पाद्र्यांची देखरेख असे. त्यातही १६०६ साली गोव्यात भरलेल्या पाचव्या प्रांतिक धर्मपरिषदेने दीक्षेसाठी ब्राह्मण, प्रभू किंवा तत्सम उच्च समजल्या जाणाऱ्या जातींचेच उमेदवार घ्यावेत, असा दंडक घातला होता. ज्या धर्माने जातिभेद मोडायचा, त्याच धर्माच्या परिषदेने जातींची चाळणी लावावी, ही गोष्ट नजरेआड करून कास्त्रोंचे चरित्र समजत नाही. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊच. आधी त्यांना अडवणारी व्यवस्था कशी होती ते पाहू.

त्या व्यवस्थेचे नाव पाद्रोआदो. पंधराव्या शतकापासून निरनिराळ्या पोपांनी पोर्तुगालच्या राजाला आज्ञापत्रे देऊन पूर्वेकडील चर्चचे पालकत्व बहाल केले होते. राजाने चर्च बांधावीत, पाद्र्यांना वेतन द्यावे, धर्मप्रसारकांना आपल्या जहाजांतून न्यावे. मोबदल्यात बिशपपदासाठी नावे सुचविण्याचा हक्क राजाचा. गोव्याचा धर्मप्रांत १५३४ मध्ये स्थापन झाला आणि पुढे गोव्याला आर्चबिशप मिळाले. त्यांचा अधिकार आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून थेट पूर्व आशियापर्यंत चालत असे. पोपचा हुकूमसुद्धा राजाच्या मान्यतेवाचून गोव्यात लागू होत नसे. सोळाव्या शतकात रोमला हे सोयीचे वाटले. कारण पूर्वेकडे जायला ना तिच्याकडे जहाजे होती, ना पैसा.

सतराव्या शतकाच्या आरंभी चित्र पालटू लागले. हिंदी महासागरात डच आणि इंग्रज उतरले, पोर्तुगालची शक्ती ओसरू लागली. १५८० पासून पोर्तुगालचे तख्तच स्पेनच्या राजाकडे गेले होते. आपण दिलेले अधिकार आपल्याच हातून गेले, ही जाणीव रोमला सलू लागली. १६२२ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी जगभरच्या धर्मप्रसाराची सूत्रे आपल्या हाती घेण्यासाठी ‘प्रोपागांडा फिदे’, म्हणजे श्रद्धाप्रसार मंडळ, स्थापन केले. (आज आपण राजकीय प्रचाराला, बहुधा नाक मुरडून, ‘प्रोपगंडा’ म्हणतो तो शब्द येथूनच आला.) या मंडळाचे पहिले सचिव फ्रान्चेस्को इंगोली हे विलक्षण कामसू आणि चिकित्सक गृहस्थ. पूर्वेकडून आलेले अहवाल वाचून त्यांनी निदान केले, की तेथील चर्च मूळ धरत नाही, कारण धर्मप्रसारकांना स्थानिक माणसांतून धर्मगुरू घडवायचेच नाहीत.

इंगोलींना आपल्या निदानाचा पुरावा हवा होता आणि तो चालत त्यांच्या दारी आला. मातेउस दे कास्त्रो खुष्कीच्या मार्गाने, पश्चिम आशिया ओलांडून, १६२५ मध्ये रोमला पोहोचले. पोर्तुगीज जहाज टाळण्यामागचे कारण उघड आहे: आर्चबिशपांनी नाकारलेल्या माणसाने त्यांचीच तक्रार घेऊन त्यांच्याच राजाच्या जहाजातून जायचे कसे? तिशीच्या उंबरठ्यावर असलेले कास्त्रो रोममध्ये पुन्हा विद्यार्थी झाले. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र त्यांनी पूर्ण केले. १६३० च्या सुमारास त्यांना गुरुदीक्षा मिळाली. गोव्यात जे मागून मिळाले नव्हते, ते पोपच्या नगरीत सन्मानाने मिळाले.

पण १६३३ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा रोमच्या मुद्रेचे मोल गोव्यात किती आहे, याचा त्यांना प्रत्यय आला. त्यांच्या अधिकारपत्रांना मान्यता मिळेना. ते राजाच्या हातून आलेले नव्हते, आणि पाद्रोआदोच्या दृष्टीने तेवढे कारण पुरेसे होते. पुन्हा तक्रार, पुन्हा प्रवास, पुन्हा रोम. या दुसऱ्या खेपेस इंगोली आणि त्यांच्या मंडळाने एक युक्ती योजली. तिचा उपयोग पुढे कित्येक शतके झाला, म्हणून ती नीट समजावून घेण्याजोगी आहे.

नवा धर्मप्रांत निर्माण करायचा तर पोर्तुगालच्या राजाची संमती हवी, आणि ती मिळणार नाही हे उघड होते. मग धर्मप्रांत निर्माण न करताच बिशप कसा नेमायचा? चर्चच्या दप्तरात अशा अनेक प्राचीन नगरांची नावे होती, जेथे एके काळी बिशप होते, पण जी पुढे इस्लामी सत्तांखाली गेली किंवा ओस पडली. या नगरांची बिशपपदे कागदावर जिवंत ठेवलेली होती. अशा एखाद्या नगराच्या नावाने माणसाला बिशप करायचे. म्हणजे त्याला बिशपाचे सारे धार्मिक अधिकार मिळतात, तो इतरांना दीक्षा देऊ शकतो. मग त्याला पोपचा प्रतिनिधी, ‘व्हिकर अपोस्टॉलिक’, म्हणून दुसऱ्याच प्रदेशात पाठवायचे. तो तेथील धर्मप्रांताचा बिशप नसल्याने राजाच्या हक्काला कागदोपत्री धक्का लागत नाही. आपल्याकडे जहागीर एका परगण्याची आणि कामगिरी दुसऱ्याच सुभ्यात, असा प्रकार अपरिचित नव्हता, हे त्यातलेच. फरक इतकाच, की येथे जहागिरीचा गावच अस्तित्वात नव्हता.

१६३७ मध्ये कास्त्रोंना क्रिसोपोलिसचे बिशप करण्यात आले. क्रिसोपोलिस या ग्रीक नावाचा अर्थ सोन्याचे नगर. हा विधी गुप्तपणे उरकण्यात आला. बातमी फुटली असती तर राजदरबारातून हरकत आली असती. त्यांचे कार्यक्षेत्र होते ‘इदलकां’चे राज्य. पोर्तुगीज लोक आदिलशहाला आदिलखान म्हणत आणि त्याचा उच्चार ‘इदलकाव’ असा करीत. रोमच्या कागदांत तेच नाव गेले. थोडक्यात, सोन्याच्या नगराचा बिशप विजापूरच्या सुलतानाच्या मुलखात पोपचा वकील म्हणून यायचा होता. पोर्तुगालच्या राजाची सत्ता जेथे मुळीच नाही असा मुलूख निवडण्यात रोमचे सारे धोरण आले.

१६३९ मध्ये हे नवे बिशप गोव्याला आले. व्हाइसरॉयच्या, म्हणजे मराठी कागदपत्रांत ज्याला विजरई म्हणतात त्याच्या, राजधानीत त्यांचे स्वागत होण्याची शक्यता नव्हतीच. येथील अधिकाऱ्यांनी त्यांचे बिशपपद मानण्यास नकार दिला. तेव्हा कास्त्रो नदी ओलांडून आदिलशाहीत गेले आणि डिचोलीस त्यांनी आपले ठाणे केले. दिवाडीच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर दिसेल इतक्या अंतरावर, आणि तरी विजरईच्या हुकमतीबाहेर. डिचोलीखेरीज बांदा आणि वेंगुर्ले येथेही त्यांनी चर्च उभारल्याचे उल्लेख आहेत. यांतली शेवटची जागा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण वेंगुर्ल्यास १६३७ पासून डचांची वखार होती, आणि डच हे त्या काळी पोर्तुगिजांचे सर्वांत कडवे शत्रू होते.

कास्त्रोंनी डिचोलीत बसून जे काम आरंभले, त्याने गोव्यातले अधिकारी खरोखर अस्वस्थ झाले. त्यांनी गोमंतकीय ब्राह्मण तरुणांना दीक्षा देण्यास सुरुवात केली. चर्चच्या शिकवणीनुसार रीतसर बिशपाने दिलेली दीक्षा पुसता येत नाही. तिला फार तर बेकायदा म्हणता येते. तेव्हा गोव्याच्या अधिकाऱ्यांनी या दीक्षांच्या वैधतेवरच शंका घेतली, आणि कास्त्रोंच्या हातून दीक्षा घेतलेल्यांना काम करू देण्याचे नाकारले. चर्चमध्ये बिशपाचे सामर्थ्य कशात असते, तर नवे धर्मगुरू घडविण्यात. कास्त्रोंकडे ना महसूल होता, ना फौज, ना कचेरी. हा एक अधिकार मात्र होता आणि तो त्यांनी वापरला.

या काळात त्यांच्याविषयी गोव्यातून रोमला जी पत्रे गेली, त्यांत धर्मशास्त्रीय आक्षेपांपेक्षा वर्णद्वेषाचा दर्प अधिक आहे. इथिओपियाचे जेझुइट धर्माध्यक्ष आफोंसो मेंदिश हे तेथील राजाने हाकलून दिल्यानंतर गोव्यात येऊन राहिले होते. त्यांनी या भारतीय बिशपाचा उल्लेख त्याच्या कातडीच्या रंगावरून इतक्या असभ्य शब्दांत केला आहे, की तो येथे उतरवण्याची इच्छा होत नाही. मुद्दा असा, की बिशपाची टोपी काळ्या मस्तकावर पाहणे हेच मुळात सहन होत नव्हते. अधिकारपत्रांवरचा वाद त्यापुढे दुय्यम होता.

अर्थात कास्त्रोही शांतपणे सोसणारे संत नव्हते. स्वभाव तापट, भाषा तिखट, प्रतिपक्षात जेझुइट असतील तर दोन्ही अधिकच. ते तिसऱ्यांदा रोमला गेले. परतताना त्यांच्या अधिकारक्षेत्रात गोवळकोंडा आणि पेगू यांची भर पडली होती आणि इथिओपियाची जबाबदारीही त्यांच्या गळ्यात घालण्यात आली होती. मेंदिश यांना जेथून हाकलले, तेथेच त्यांच्या या प्रतिस्पर्ध्याला पाठविण्यात रोमने थोडी मिस्कील दृष्टी दाखवली, असे वाटते. पण इथिओपियाने कॅथलिकांना दारे घट्ट बंद केली होती. लाल समुद्रापर्यंत जाऊनही कास्त्रोंना त्या देशात काही करता आले नाही. पन्नाशी उलटलेले बिशप पुन्हा डिचोलीस आले.

आता त्यांच्या आयुष्यातले सर्वांत वादग्रस्त पर्व सुरू होते. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला होता. पण स्पेनच्या दडपणाखाली पोपने नव्या राजाला मान्यता दिली नव्हती. मान्यता नाही म्हणून राजाने सुचविलेल्या बिशपांच्या नेमणुकाही नाहीत. १६५२ मध्ये गोव्याचे आर्चबिशप वारले आणि ते आसन वीस वर्षांहून अधिक काळ रिकामे राहिले. १६४१ मध्ये मलाक्का डचांनी घेतले होते आणि सिलोनमध्ये त्यांची आगेकूच चालू होती. १६५३ च्या ऑक्टोबरात तर गोव्यातल्या पोर्तुगिजांनीच आपल्या विजरईला पदच्युत केले. त्या बंडाचा पुढारी दों ब्राझ दे कास्त्रो. आडनाव एकच असले, तरी आपल्या बिशपांशी त्याचे नाते नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज आडनावे घेण्याच्या प्रथेमुळे अशी गल्लत अनेकदा होते.

याच १६५३ साली मातेउस यांनी गोव्याच्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून एक पत्रक लिहिले. त्याचे नाव ‘एश्पेल्यु दे ब्रामनिश’, ब्राह्मणांचा आरसा. आरशात पाहा आणि तुम्ही कोण होता, आज काय झाला आहात ते ओळखा. मूठभर परक्यांकडून अपमान का सोसता, असा त्याचा रोख. हे आवाहन उघड उघड उठावाचे होते. दुसऱ्याच वर्षी, १६५४ मध्ये, आदिलशाही फौजा बारदेश आणि साष्टीत घुसल्या. पोर्तुगिजांनी त्यांना परतवले. पण या स्वारीमागे डिचोलीच्या बिशपाची फूस होती, त्याने विजापूरला आणि वेंगुर्ल्याच्या डचांना गोवा घेण्यासाठी चिथावले, असा आरोप झाला आणि पोर्तुगीज इतिहासलेखनात तो कायमचा चिकटला.

आरोपात तथ्य किती, यावर इतिहासकारांत एकमत नाही. कास्त्रोंचा डचांशी संपर्क होता, पोर्तुगीज सत्ता जावी असे त्यांना मनापासून वाटत होते आणि सुलतानाच्या राज्यात ते त्याच्या मर्जीने राहत होते, एवढे म्हणता येते. पण एका निष्कांचन बिशपाच्या सांगण्यावरून मुहम्मद आदिलशहाने फौज हलवली असे मानणे, म्हणजे विजापूरच्या राजकारणाला फारच भोळे समजणे होय. गोवा दुबळा झाला आहे, तेथे आपसांत बंडाळी माजली आहे, हे पाहायला सुलतानाला बिशपाची दुर्बीण नको होती. गंमत अशी, की ज्यांनी स्वतः विजरईला उलथून लावले, त्यांनीच कास्त्रोंना राजद्रोही म्हटले. आणि ज्या राजाच्या प्रजेत आपल्याला माणूस म्हणून मोजले जात नाही, त्या राजाशी द्रोह म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरतोच.

काही गोमंतकीय लेखकांनी त्यांना स्वातंत्र्याच्या पहिल्या पुरस्कर्त्यांत गणले आहे. हे पूर्णपणे खरे मानायचे, तर त्या ‘आरशा’च्या नावाकडे डोळेझाक करावी लागेल. आरसा ब्राह्मणांचा होता. गोव्यात ख्रिस्ती झालेले चाड्डी होते, शूद्र होते, कुणबी होते. ख्रिस्ती होताना साऱ्यांनी आपापली जात बरोबर आणली होती आणि १६०६ च्या दंडकाने तिला चर्चची मान्यताही मिळाली होती. कास्त्रोंनी दीक्षा दिली ती ब्राह्मणांना आणि हाक घातली तीही ब्राह्मणांना. पोर्तुगीज पाद्र्याने कातडीवरून आपल्याला हीन लेखावे, हे त्यांना जिव्हारी लागले. पण त्यांच्या युक्तिवादाचा बराच भाग, आम्ही कुलीन आहोत, विद्यावंत आहोत, या देशाचे अग्रणी आहोत, असाच आहे. बाप्तिस्म्याने सारे समान होतात, या तत्त्वापर्यंत ते पोहोचत नाहीत. ही मर्यादा त्यांच्या एकट्याची नाही. पुढे अठराव्या शतकाच्या आरंभी आंतोनियु जुआंव दे फ्रियश या ब्राह्मण धर्मगुरूने आपल्या जातीचे आणि लेओनार्दु पाएश या चाड्डी धर्मगुरूने आपल्या जातीचे श्रेष्ठत्व सिद्ध करण्यासाठी ग्रंथ लिहिले. दोघेही ख्रिस्ती, दोघेही पाद्री. कास्त्रोंच्या मागणीत न्याय होता, एवढे मात्र या मर्यादेने पुसले जात नाही.

रोमलाही आता हे प्रकरण जड जाऊ लागले होते. ज्यांनी कास्त्रोंना उचलून धरले ते इंगोली १६४९ मध्ये निवर्तले होते. १६५८ च्या सुमारास बिशपांना रोमला बोलावून घेण्यात आले आणि पुन्हा भारतात पाठवण्यात आले नाही. वय साठीपलीकडे गेले होते. त्यानंतर लगेच, १६५९ मध्ये, श्रद्धाप्रसार मंडळाने पूर्व आशियात जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींना जी सूचनापत्रे दिली, ती आजही चर्चच्या इतिहासात अभिमानाने सांगितली जातात. तुमचे युरोपी देश, त्यांच्या चालीरीती तेथे नेऊ नका. स्थानिक माणसांतून धर्मगुरू आणि बिशप घडवा. राजकारणात पडू नका, असा त्यांचा आशय. यातली दुसरी सूचना म्हणजे कास्त्रोंची आयुष्यभराची मागणी आणि तिसरी म्हणजे बहुधा त्यांच्या अनुभवावरून रोमने घेतलेला धडा. मात्र ही पत्रे घेऊन निघालेले प्रतिनिधी फ्रेंच होते. स्थानिक बिशप नेमायचे काम पुन्हा युरोपियांवर सोपविण्यात आले आणि पहिले चिनी बिशप लुओ वेनझाव यांचा अभिषेक व्हायला १६८५ उजाडले. कास्त्रो तोवर हयात नव्हते. दिवाडीपासून हजारो मैल दूर, रोममध्येच, १६७७ च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

त्यांनी उघडलेली वाट मात्र लगेच बुजली नाही. त्यांचे पुतणे-भाचे त्याच वाटेने गेले. कुस्तोदियु दे पिन्यु यांना १६६९ मध्ये विजापूर-गोवळकोंड्याचे प्रतिनिधिपद मिळाले, तर तोमास दे कास्त्रो यांच्याकडे १६७० च्या दशकात कानडा आणि मलबार किनारा सोपविण्यात आला. दोघांनाही अशाच हरवलेल्या नगरांची बिशपपदे मिळाली होती आणि दोघांचाही पाद्रोआदोशी संघर्ष झाला. तोमास यांच्या बाबतीत तर एक विलक्षण योग जुळून आला. १६८१ मध्ये गोव्याच्या चर्चने कानड्यात आपल्या बाजूने एक तरुण धर्मगुरू पाठवला, तो म्हणजे जुझे वाझ. त्यांना २०१५ मध्ये संतपद मिळाले. तेही गोमंतकीय, तेही ब्राह्मण. मंगळूरच्या भाविकांनी बिशपाचे ऐकायचे की पाद्रोआदोचे, या वादात दोन गोमंतकीय समोरासमोर उभे ठाकले. पुढे वाझ यांनी आणि त्यांच्या गोमंतकीय सहकाऱ्यांनी डचांच्या नाकावर टिच्चून सिलोनमध्ये चर्च तगवून धरले. स्थानिक धर्मगुरू काय करू शकतात, हे कास्त्रोंनी बिशपपदाच्या अधिकाराने सिद्ध करायचे ठरवले होते. वाझ यांनी ते अनवाणी फिरून केले.

मुंबईकर वाचकाला या कथेचा एक धागा अधिक जवळचा वाटेल. १६३७ च्या त्या ‘इदलकां’ प्रतिनिधिपदाचेच पुढे मोगल साम्राज्यापर्यंत विस्तारलेले ‘ग्रेट मोगल’चे प्रतिनिधिपद झाले. १७२० मध्ये इंग्रजांनी मुंबई बेटातल्या पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवून चर्च ज्याच्या स्वाधीन केली, तो कार्मेलाइट बिशप याच पदाचा वारस होता. पाद्रोआदो विरुद्ध रोम हा झगडा मग मुंबईत आला आणि इतका विकोपाला गेला, की १७९४ मध्ये चर्चची चक्क वाटणी झाली: दादरचे, ज्याला आजही पोर्तुगीज चर्च म्हणतात ते, आणि माझगावचे ग्लोरिया चर्च एका बाजूला, माहीमचे सेंट मायकेल आणि भुलेश्वरचे एस्पेरान्सा दुसऱ्या बाजूला. एकाच शहरात दोन अधिकाऱ्यांचा अंमल ही स्थिती १९२८ च्या करारापर्यंत टिकली. मुंबईचा महाधर्मप्रांत १८८६ मध्ये स्थापन झाला. त्याची वंशावळ मागे नेत गेले, तर पहिले नाव येते ते मातेउस दे कास्त्रो महाले यांचे. याच आसनावर १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस बसले आणि तीन वर्षांनी भारताचे पहिले कार्डिनल झाले.

गोव्यात मात्र प्रश्न तसाच धुमसत राहिला. १७८७ चे ‘पिंटोंचे बंड’ मराठी वाचकाला ऐकून तरी ठाऊक असते. त्यामागच्या अनेक कारणांत एक कारण हेच होते. जुझे आंतोनियु गोन्साल्विस आणि कायतानु फ्रान्सिस्कु कोउतु हे दोन गोमंतकीय धर्मगुरू क्रांगानोर आणि मैलापूरची रिकामी बिशपपदे आपल्याला मिळतील अशा आशेने युरोपात गेले होते आणि निराश होऊन परतले होते. यातले गोन्साल्विस दिवाडीचे. कट फुटला, पंधरा जणांना मृत्युदंड झाला, धर्मगुरूंना लिस्बनच्या तुरुंगात धाडण्यात आले. गोन्साल्विस तेवढे निसटून ब्रिटिश हद्दीत गेले. नदी ओलांडून परक्या राज्यात आसरा शोधण्याची दिवाडीकरांची ही तिसरी खेप म्हणायची.

कास्त्रो आणि त्यांचे नातलग गेल्यानंतर लॅटिन परंपरेत पुन्हा भारतीय बिशप होण्यासाठी १९२३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी तुतिकोरीन येथे तिबुर्तियस रोश यांची नेमणूक झाली. आणि ज्या आसनावरून कास्त्रोंना साधी गुरुदीक्षा नाकारण्यात आली होती, त्या गोव्याच्या आर्चबिशपपदावर पहिला गोमंतकीय, राउल निकोलाव गोन्साल्विस, १९७८ मध्ये आला. पोर्तुगीज राजवट संपून तेव्हा सोळा वर्षे झाली होती.